आधी शेवटची तारीख ठरवा, मग नवा बाँड

प्रति,
अ‍ॅमेझॉन एमजीएम स्टुडिओज,
निर्माते एमी पास्कल व डेव्हिड हेमन, दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह आणि पटकथाकार स्टीव्हन नाइट यांस

विषय : जेम्स बाँडच्या भूमिकेसाठी निवडल्या जाणाऱ्या अभिनेत्याच्या कारकिर्दीचं वेळापत्रक

स.न.वि.वि.

फेब्रुवारी २०२५मध्ये बाँडपटांची सूत्रं ब्रोकोली-विल्सन कुटुंबाकडून आपल्या हाती आल्याचं जाहीर झालं आणि पुढचा बाँड कोण, या चर्चेला ऊत आला. त्या चर्चेत आम्हाला भर घालायची नाही. नट आपण बरा निवडाल. साठ वर्षांत या भूमिकेसाठी अगदीच टाकाऊ माणूस एकदाही निवडला गेलेला नाही. एकच चित्रपट केलेला जॉर्ज लेझेनबीसुद्धा नाही. आमचं गाऱ्हाणं तारखांबद्दल आहे. डॅनियल क्रेगच्या काळात जे काही बिघडलं, त्याचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा एखाद्या लांबलेल्या तारखेपाशीच येऊन थांबावं लागतं. म्हणून सही होण्याआधीच हे पत्र.

क्रेगचं नाव १४ ऑक्टोबर २००५ रोजी लंडनमध्ये जाहीर झालं. 'कसिनो रोयाल' नोव्हेंबर २००६मध्ये आला, 'क्वांटम ऑफ सोलेस' ऑक्टोबर २००८मध्ये, 'स्कायफॉल' ऑक्टोबर २०१२मध्ये, 'स्पेक्टर' ऑक्टोबर २०१५मध्ये आणि 'नो टाइम टू डाय' थेट सप्टेंबर २०२१अखेर. म्हणजे जवळजवळ १५ वर्षांत ५ चित्रपट. शॉन कॉनरीने पहिले ५ चित्रपट १९६२ ते १९६७ या ५ वर्षांत उरकले होते. रॉजर मूरने १२ वर्षांत ७ केले, पिअर्स ब्रॉस्ननने ७ वर्षांत ४.

आताचे चित्रपट अवाढव्य असतात, त्यांना वेळ लागणारच, असं उत्तर यावर नेहमी मिळतं. ते खरं नाही. 'कसिनो रोयाल'चं चित्रीकरण जानेवारी २००६मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबरच्या मध्याला प्रीमियर झाला. 'क्वांटम'चं जानेवारी २००८मध्ये सुरू झालं, ३१ ऑक्टोबरला तो ब्रिटनच्या पडद्यावर होता. 'स्कायफॉल' ७ नोव्हेंबर २०११ ते २६ ऑक्टोबर २०१२. 'स्पेक्टर' डिसेंबर २०१४ ते ऑक्टोबर २०१५, तेही मेक्सिको सिटी, रोम, ऑस्ट्रियातले बर्फाळ डोंगर आणि मोरोक्को असा फेरा मारून. पहिल्या क्लॅपपासून पहिल्या खेळापर्यंत ९ ते १२ महिने, यापलीकडे या चारांतला कुठलाच गेला नाही. उरलेली वर्षं कॅमेरा सुरू होण्यापूर्वी गेली: मालकी, वितरण, हक्क, पटकथा, दिग्दर्शक आणि 'करू की नको' यांत.

प्रत्येक खंडाचं कारण वेगळं होतं, म्हणून ते वेगवेगळे पाहावे लागतात. 'क्वांटम'ला खंड पडला नाही, उलट घाई झाली. २००७च्या शेवटी अमेरिकेत पटकथालेखकांचा संप सुरू झाला आणि पुरेशी न शिजलेली पटकथा घेऊन युनिट चित्रीकरणाला गेलं. दिग्दर्शक मार्क फॉर्स्टरबरोबर आपण स्वतः प्रसंग लिहायला बसत होतो, हे क्रेगनेच पुढे सांगितलं आहे. १०६ मिनिटांचा हा सर्वांत आखूड बाँडपट पाहताना पाठलाग आणि पाठलाग यांच्यामध्ये माणसं कमी का पडतात, त्याचं उत्तर इथे आहे. प्रदर्शनाची तारीख पक्की आणि कागद कच्चा असला की असंच होतं. म्हणजे आम्ही घाईची वकिली करतोय, असा कृपया समज नसावा.

त्यानंतरची ४ वर्षं बाँडपटांमागची कंपनी एमजीएम हिच्या कर्जाने खाल्ली. एप्रिल २०१०मध्ये काम थांबवलं गेलं, नोव्हेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, डिसेंबरमध्ये ती त्यातून बाहेर पडली. या थांब्याचा 'स्कायफॉल'ला फायदा झाला, असं आमचं मत आहे. दिग्दर्शक सॅम मेंडिसला पटकथेवर पुन्हा हात फिरवायला वेळ मिळाला आणि चित्रपटाने जगभरात ११० कोटी डॉलरचा पल्ला ओलांडला. बाँडपटांत १०० कोटींपलीकडे जाणारा तो पहिलाच. पण नट मात्र ४० वर्षांचा होता तो ४४ वर्षांचा झाला, आणि ज्या बाँडला दोन चित्रपटांपूर्वी नुकताच मारण्याचा परवाना मिळाला होता, तो तिसऱ्यात एकदम थकलेला, नेम चुकणारा, कालबाह्य ठरू पाहणारा दाखवावा लागला. नवशिका आणि निवृत्तीला आलेला यांच्यामधला, ऐन भरातला बाँड आम्ही पाहिलाच नाही. क्रेगच्या पूर्ण कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी पोकळी, आणि ती कुणा लेखकाने ठरवून ठेवलेली नव्हती.

'स्पेक्टर'ची कथा हक्कांशी जोडलेली आहे. ब्लोफेल्ड हा खलनायक आणि त्याची स्पेक्टर ही संघटना यांवरचा निर्माता केव्हिन मॅकक्लोरीच्या वारसांशी असलेला वाद नोव्हेंबर २०१३मध्ये मिटला. तोवर पहिल्या दोन चित्रपटांत हीच गरज 'क्वांटम' नावाच्या पर्यायी संघटनेने भागवली होती. हक्क मिळताच मागच्या तीनही चित्रपटांतले खलनायक एकाच माणसाचे नोकर होते, असं मागाहून जाहीर करण्यात आलं. 'स्कायफॉल'मधला सिल्वा स्वतःच्या सुडासाठी पेटलेला म्हणून भयंकर वाटला होता. त्याला कुणाचा तरी हस्तक केल्यावर त्याचं वजन उतरलं. साखळी जोडायची असेल तर पहिल्या चित्रपटाआधी कड्या मोजाव्यात. नंतर जोडलेली कडी दिसतेच. स्टीव्हन नाइट यांना मालिकेचे लांब पल्ले लिहिण्याचा दांडगा सराव आहे, म्हणूनच हे आवर्जून सांगतोय: पाच चित्रपटांचा आराखडा एका पानावर असू द्या, पण प्रत्येक चित्रपट मागचा न पाहिलेल्या माणसालाही पुरा कळला पाहिजे. 'नो टाइम टू डाय'चा सगळा भावनिक भार बाँडची प्रेयसी मॅडलेन स्वॉन हिच्यावर होता, आणि तिला प्रेक्षकांनी ६ वर्षांपूर्वी पाहिलं होतं.

शेवटच्या खंडात तर सगळेच ग्रह वाकडे होते. 'स्पेक्टर'चं लांबलचक चित्रीकरण संपल्यावर दमलेल्या क्रेगने पुन्हा बाँड नको, असं फार कडवटपणे बोलून दाखवलं. परत येतोय, हे त्याने ऑगस्ट २०१७मध्ये सांगितलं. सोनीचा वितरण करार 'स्पेक्टर'बरोबर संपला होता, नवा वितरक ठरायला २०१८ उजाडलं. दिग्दर्शक डॅनी बॉइल ऑगस्ट २०१८मध्ये सोडून गेला, महिनाभरात कॅरी फुकुनागा आला. चित्रीकरण ऑक्टोबर २०१९मध्ये संपलं आणि मग महासाथ आली. एप्रिल २०२०ची तारीख नोव्हेंबरवर, तिथून एप्रिल २०२१वर आणि पुढे ऑक्टोबरच्या तोंडावर गेली. भारतात तो ३० सप्टेंबरला लागला तेव्हा महाराष्ट्रातली चित्रपटगृहं बंदच होती. ती उघडली २२ ऑक्टोबरला. महासाथीचा दोष कुणाला देणार? पण तिच्या आधीची ४ वर्षं माणसांनीच घालवलेली होती.

आता वयाचा हिशेब. बाँडचा मूळ लेखक इयान फ्लेमिंग याने 'मूनरेकर' कादंबरीत (१९५५) नियमच सांगून ठेवला आहे: डबल-ओ, म्हणजे मारण्याचा परवाना असलेल्या हेरांच्या विभागातल्या माणसाला ४५व्या वर्षी मैदानातून काढून टेबलावर बसवतात. रॉजर मूरचा पहिला बाँडपट लागला तेव्हाच तो ४५चा होता आणि शेवटचा लागला तेव्हा ५७चा! १९८५च्या त्या चित्रपटात धावण्या-चढण्याच्या दृश्यांत बदली माणूस कुठे येतो आणि मूर कुठे परततो, हे सरावलेल्या डोळ्याला सहज कळतं. कॉनरी ३२व्या वर्षी सुरू झाला, ब्रॉस्नन ४२व्या, क्रेग ३८व्या. आणि क्रेग संपला तेव्हा ५३चा होता. २००५च्या चाचण्यांत २२ वर्षांचा हेन्री कॅव्हिलही होता. तेव्हा तो फार कोवळा वाटला, आणि आता त्याचं नाव निघालं की वय झालं म्हणतात. मधल्या काळात त्याच्या लायकीत काही फरक पडलेला नाही.

म्हणून आमची मोजणी अशी. पहिल्या चित्रपटाच्या प्रदर्शनावेळी नट ३२ ते ३५ वर्षांचा असावा. चित्रपट ५. दोन प्रदर्शनांमध्ये ३० महिने, म्हणजे पहिल्यापासून पाचव्यापर्यंत १० वर्षं. तो ४२ ते ४५च्या दरम्यान संपेल आणि फ्लेमिंगचा नियमही पाळला जाईल. हे ३० महिने कसे भरायचे? प्रदर्शनानंतर २ महिने प्रसिद्धीचे. पुढचे १२ महिने नटाचे स्वतःचे, ज्यात त्याने एक-दोन इतर भूमिका खुशाल कराव्यात. मग ५ महिने शरीर, मारामारीचा सराव, कपडेपट आणि चाचण्या. त्यानंतर चित्रीकरण सुरू आणि साधारण ११ महिन्यांत पडद्यावर. हे गणित जमायचं तर दुसऱ्या चित्रपटाचं लेखन पहिल्याचं चित्रीकरण सुरू होतं त्याच महिन्यात सुरू व्हायला हवं आणि दुसऱ्याचा दिग्दर्शक पहिला संकलनाच्या टेबलावर असतानाच नेमायला हवा. व्हिलनव्हसाहेब, आपण पाचही कराल अशी अपेक्षा नाही. जॉन ग्लेनने १९८१ ते १९८९ या काळात सलग ५ बाँडपट दिग्दर्शित केले, ते दिवस गेले. पण 'स्पेक्टर'च्या वेळी मेंडिस आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला आणि तोवर सगळे थांबले, असं पुन्हा होऊ नये.

१२ महिने मोकळे ठेवण्याचा आग्रह उगाच नाही. कॉनरी वैतागला त्यात पैशाचा वाद होता, जपानमधल्या चित्रीकरणात पत्रकारांनी केलेला पाठलाग होता आणि या भूमिकेखाली आपण गाडले जातोय ही भीतीही होती. पुढे १९७१मध्ये त्याला परत आणायला साडेबारा लाख डॉलर मोजावे लागले, शिवाय त्याच्या पसंतीच्या दोन चित्रपटांना पैसा पुरवण्याची हमी द्यावी लागली. (ते मानधन त्याने स्कॉटलंडमधल्या शैक्षणिक न्यासाला दिलं.) मोकळं वर्ष देणं यापेक्षा स्वस्त पडतं.

करारातल्या तीन कलमांकडे विशेष लक्ष हवं. पहिलं, नटावर दुसऱ्या कुणाचा हक्क शिल्लक आहे का? १९८६मध्ये ब्रॉस्ननची 'रेमिंग्टन स्टील' ही टीव्ही मालिका बंद झाली होती, पण वाहिनीकडे ती पुन्हा सुरू करण्याचा ६० दिवसांचा पर्याय होता. बाँड म्हणून त्याच्या नावाचा गाजावाजा झाला आणि त्याच गाजावाज्यामुळे वाहिनीने मुदत संपता संपता तो पर्याय वापरला. भूमिका टिमथी डाल्टनकडे गेली. आजचे तरुण नट स्ट्रीमिंग मालिकांच्या बहुहंगामी करारांत अडकलेले असतात, आणि त्यातल्या काही मालिका आपल्याच घरच्या असतील. तेव्हा लेखी मुक्तता हाती येईपर्यंत नाव फुटू देऊ नका.

दुसरं, पर्याय वापरण्याची मुदत. पुढच्या चित्रपटासाठी नटाला बांधून ठेवण्याचा हक्क स्टुडिओकडे असतो. तो बेमुदत असला की नट नुसता लटकतो. डाल्टनचा दुसरा चित्रपट १९८९मध्ये आला. मग मालकीच्या आणि टीव्ही हक्कांच्या खटल्यांत वर्षं गेली. अखेर एप्रिल १९९४मध्ये त्याने भूमिका सोडली. एकच चित्रपट करायची त्याची तयारी होती, पण इतक्या वर्षांनी परतायचं तर एकावर भागणार नाही, चार-पाच करावे लागतील, असं निर्माते ब्रोकोलींचं म्हणणं पडलं, आणि दोघांचंही बरोबर होतं. प्रदर्शनानंतर ६ महिन्यांत स्टुडिओने 'पुढचा करतोय' असं लेखी कळवावं, नाहीतर नट मोकळा, असं कलम घाला. त्यामुळे आपल्याच कार्यालयात पटकथा वेळेवर मागितली जाईल.

तिसरं, संख्या. क्रेगने सांगितलेली एक गोष्ट आहे: २००६मध्ये बर्लिनच्या प्रीमियरनंतर गाडीत त्याने निर्मात्या बार्बरा ब्रोकोलींना विचारलं, किती चित्रपट करायचे आहेत? त्या म्हणाल्या, चार. मग शेवटच्यात मला मारून टाकता येईल का, असं त्याने विचारलं आणि त्यांनी होकार दिला. शेवट पहिल्याच वर्षी ठरला होता आणि तो वाट्टेल त्या अडचणीतून पार पडला. न ठरलेलं होतं ते मधलं सगळं. उलट लेझेनबीपुढे ७ चित्रपटांचा करार होता आणि त्याने सल्लागाराचं ऐकून एकावरच सोडलं. त्यामुळे ७ फार आणि १ धोक्याचा. ५ हा आकडा आम्हाला पेलणारा वाटतो.

शरीराबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे पैसा आणि तारखा दोन्ही बुडतात. 'कसिनो रोयाल'च्या वेळी प्रागमध्ये मारामारीत क्रेगचे दोन दात गेले. 'क्वांटम'मध्ये चेहऱ्याला टाके पडले, बोटाचं टोक कापलं आणि प्रसिद्धीच्या वेळी तो हात गळ्यात अडकवून फिरत होता. 'स्पेक्टर'मध्ये गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. 'नो टाइम टू डाय'च्या वेळी जमैकात घोटा दुखावला, पुन्हा शस्त्रक्रिया. यात मोठ्या उडीत किंवा स्फोटात झालेली दुखापत शोधून पाहा. गुडघा हातघाईच्या मारामारीत गेला, घोटा नुसत्या धावण्यात. मोठ्या स्टंटला दोर, गाद्या, तालीम, डॉक्टर सगळं असतं. धावण्याला कुणी स्टंट समजत नाही. तेव्हा धावण्याच्या प्रत्येक दृश्याआधी जमीन कोरडी आणि खरखरीत आहे का, बुटाचा तळवा त्या जमिनीला धरतो का, हे तपासायला माणूस नेमा. कडक चामडी तळव्याचे बूट बाँडला शोभतात, पण पाय फ्रेमबाहेर असतील तेव्हा रबरी तळव्याचे द्या. आणि प्रत्येक ठिकाणी चेहऱ्याची, संवादांची दृश्यं आधी उरका, मारामारी शेवटी. एक टाका पडला तरी पुढचे कित्येक दिवस जवळचे शॉट मेकअपच्या भरवशावर राहतात.

सगळं नटानेच केलं पाहिजे, हा हट्टही सोडा. 'कसिनो रोयाल'मधलं सर्वांत गाजलेलं दृश्य म्हणजे अ‍ॅस्टन मार्टिन डीबीएसच्या कोलांट्या. गाडी इतकी जमिनीलगत आणि तोलात होती की नुसत्या उतारावरून उलटेना. मग आत नायट्रोजनच्या दाबावर चालणारी तोफ बसवली आणि तिच्या धक्क्याने गाडी ७ वेळा गरगरली. विश्वविक्रम झाला. चाकामागे स्टंटमन अ‍ॅडम कर्ली होता. त्याने प्रेक्षकांचा काय तोटा झाला? नटाची गरज त्याआधी दोन सेकंद असते, समोर रस्त्यात बांधून टाकलेली त्याची प्रेयसी व्हेस्पर दिसते तेव्हाच्या चेहऱ्यासाठी.

स्क्रीन टेस्टसाठी 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मधलं शयनकक्षातलं दृश्य वापरायची जुनी प्रथा आहे. ठेवा, पण त्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी पाहा: पत्त्यांच्या टेबलावर पाच मिनिटं न बोलता बसणं, रोजच्या कपड्यांत लांबवरून कॅमेऱ्याकडे चालत येणं, आणि एखादं फुसकं विनोदी वाक्य हसू न आणता टाकणं. शेवटचं सर्वांत अवघड. मूरला ते झोपेतही जमायचं, डाल्टनला जमत नसे, क्रेगला ते यायला तिसरा चित्रपट उजाडला.

आपल्या डोक्यावर कायद्याचं एक घड्याळही चालू आहे. फ्लेमिंग १९६४मध्ये वारला, त्यामुळे ब्रिटनमध्ये त्याच्या कादंबऱ्यांचा स्वामित्वहक्क २०३४अखेर संपेल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा नियम असल्याने त्याच्या हयातीत छापल्या गेलेल्या कादंबऱ्या १ जानेवारी २०२५पासून मुक्त आहेत. ट्रेडमार्क आणि चित्रपटांत निर्माण झालेल्या गोष्टींचा प्रश्न अर्थात वेगळा. समजा आपला पहिला चित्रपट २०२८मध्ये आला, तर ३० महिन्यांच्या चालीने २०३४ संपण्यापूर्वी तीन चित्रपट होतात. क्रेगच्या चालीने दोन किंवा तीन, तेही नशीब असेल तर. त्यानंतर कुणीही कादंबरीतला बाँड उभा करू शकेल, आणि आपल्याकडे उरेल तो प्रेक्षकांना सवयीचा झालेला चेहरा.

जाता जाता इकडची एक गोष्ट. 'स्कायफॉल'च्या सुरुवातीच्या पाठलागासाठी दिल्लीतलं सरोजिनी नगर आणि गोव्याकडची कोकण रेल्वे यांचा विचार झाला होता. टपावर बसलेले प्रवासी दाखवायचे नाहीत, अशी अट आली, परवानग्यांचं घोडं अडलं, आणि रेल्वेच्या टपावरची ती मारामारी तुर्कस्तानात अदानाजवळच्या वरदा पुलावर झाली. आपल्याकडच्या कार्यालयांचा वेग आम्हाला ठाऊक आहे, त्याचं समर्थन करत नाही. पण रेल्वेमार्ग बंद ठेवायचा अर्ज तारखेशिवाय पुढे सरकत नाही, आणि कोकणात जून ते सप्टेंबर हे महिने धरूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले ठरलेले दिवस एक वर्ष आधी कळवलेत, तर या वेळी पूल झुआरीचाही असू शकतो.

शेवटची विनंती जाणाऱ्या नटाबद्दल आहे. चार यशस्वी चित्रपटांनंतर ब्रॉस्ननला आपण आता बाँड नाही, हे फोनवर कळलं, आणि त्याची सल त्याने पुढे उघड बोलून दाखवली. पाचव्या चित्रपटाची घोषणा करतानाच 'हा याचा शेवटचा' असं नटाला शेजारी बसवून जाहीर करा. सहाव्याच्या चाचण्या त्यानंतर सुरू करा, आधी नव्हे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
बाँडपट बारकाईने पाहणारे काही मराठी प्रेक्षक